जागा बरोबर, तारीख चूक: जालुइटच्या फोटोचा धडा

जुना फोटो पुरावा म्हणून वापरायचा असेल तर आधी दोन प्रश्न सुटले पाहिजेत. तो कुठे काढला? आणि कधी काढला? त्यात कोण आहे, काय घडतंय, हे सगळं नंतर. क्रम उलटा केला की काय होतं, याचं एक चांगलं उदाहरण म्हणजे विमान अपघाताशी जोडला गेलेला एक फोटो.

२ जुलै १९३७ रोजी अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्ट आणि तिचा नॅव्हिगेटर फ्रेड नूनन न्यू गिनीतल्या ले गावाहून लॉकहीड इलेक्ट्रा विमानाने निघाले. पॅसिफिकमधल्या हाउलंड या चिमुकल्या बेटावर उतरायचं होतं. ते पोचलेच नाहीत. तेव्हापासून तर्कांना तोटा नाही. त्यातला एक असा की विमान मार्शल बेटांजवळ कोसळलं आणि जपान्यांनी दोघांना पकडलं. ही बेटं पहिल्या महायुद्धापासून जपानच्या ताब्यात होती.

जुलै २०१७ मध्ये हिस्टरी चॅनलने या तर्काच्या बाजूने एक फोटो दाखवला. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाच्या कागदांत तो मिळाला होता. एक धक्का, त्यावर काही माणसं, मागे एक जहाज. फोटोखाली जागेचं नाव होतं: मार्शल बेटं, जालुइट. तारीख मात्र नव्हती.

आता युक्तिवाद कसा रचला ते बघा. कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेली व्यक्ती इअरहार्ट. उभा असलेला गोरा माणूस नूनन, कारण कपाळावरची केसांची रेषा जुळते. जहाजामागे बार्जवर जी अस्पष्ट वस्तू आहे ती साधारण ३८ फूट लांब, आणि इलेक्ट्राही जवळपास तेवढीच. चेहरा ओळखणाऱ्या तज्ज्ञाचं मतही घेतलं होतं. मोजमापं झाली, तुलना झाली, पण ज्या एका गोष्टीवर हे सगळं उभं होतं ती, म्हणजे फोटो १९३७ चा किंवा नंतरचा असणं, कोणी स्वतंत्रपणे तपासलीच नाही. मी विज्ञान शाखेची आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर उपकरण चांगलं होतं, नमुन्याचं लेबल अर्धंच होतं.

कार्यक्रम दाखवल्यावर दोन-तीन दिवसांतच टोकियोच्या कोता यामानो या लष्करी इतिहासाच्या ब्लॉगरने प्रकरण निकालात काढलं. त्याला साधारण अर्धा तास लागला. त्याने माणसं कोण याचा नादच सोडला आणि पक्की माहिती होती ती धरली, म्हणजे जागेचं नाव. जपानच्या नॅशनल डाएट लायब्ररीच्या डिजिटल संग्रहात त्याने जालुइटचं नाव जपानीत टाकून शोध घेतला. दहाव्या क्रमांकावर एक जुनं प्रवासवर्णन आलं आणि त्यात हाच फोटो छापलेला होता. पुस्तक ऑक्टोबर १९३५ चं. म्हणजे इअरहार्ट बेपत्ता होण्याच्या पावणेदोन वर्षं आधीचं.

छापील पुस्तक फोटोची नेमकी तारीख देत नाही, पण वरची मर्यादा देतं: फोटो याच्या नंतरचा असूच शकत नाही. एवढं पुरेसं होतं. आणि गुप्तवार्ता विभागाच्या फाइलचं काय? फाइल एवढंच सांगते की कोणीतरी कधीतरी ते चित्र तिथे ठेवलं. फाइलची तारीख आणि फोटोची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जालुइटच्या बाबतीत जागा बरोबर होती. जागाच चुकली तर? रॉबर्ट कापाचा गोळी लागून पडणारा सैनिक आठवा. स्पेनच्या यादवीतला हा फोटो २३ सप्टेंबर १९३६ च्या 'व्ह्यू' साप्ताहिकात छापला गेला. तो ५ सप्टेंबरला सेरो मुरियानो इथे काढला असं अनेक वर्षं मानलं जात होतं. त्या दिवशी तिथे मारला गेलेला फेदेरिको बोरेल गार्सिया म्हणजेच हा सैनिक, अशी ओळखही १९९० च्या दशकात पुढे आली. मग होसे मानुएल सुस्पेरेगी या स्पॅनिश प्राध्यापकाने त्याच मालिकेतल्या इतर फोटोंमागची डोंगररेषा घेतली आणि आसपासच्या गावांत पाठवून विचारलं, ही कुठली? एस्पेहो गावात एका शिक्षकाने ती वर्गात दाखवली आणि एका विद्यार्थ्याने ओळखली! हे ठिकाण सेरो मुरियानोपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. तिथली लढाई सप्टेंबरच्या शेवटी झाली, म्हणजे फोटो काढला तेव्हा ती सुरूच झाली नव्हती. जागा सरकली तशी तारखेची, प्रसंगाची आणि त्या माणसाच्या नावाची खात्रीही गेली.

म्हणून जुना फोटो हाती आला की ही यादी जवळ ठेवा:

१. फोटोखालची ओळ कोणी लिहिली, कधी लिहिली? ती एक साक्ष आहे, तिचीही उलटतपासणी हवी.
२. चौकटीत न हलणारं काय आहे? डोंगररेषा, किनारा, धक्का, इमारत. माणसं, विमानं, जहाजं हलतात.
३. त्याच मालिकेतले बाकीचे फोटो मिळतात का? प्रसिद्ध फोटोत पार्श्वभूमी बहुधा सगळ्यात कमी दिसते.
४. हाच फोटो आधी कुठे छापलाय का? त्या ठिकाणच्या भाषेत शोधा. यामानोने इंग्रजीत शोधलं असतं तर पुस्तक बहुधा हाती लागलं नसतं.
५. स्थानिक माणसाला दाखवलात का? एस्पेहोच्या त्या मुलाला ती टेकडी रोजची होती.

हे सगळं कंटाळवाणं वाटेल, मान्य. पण इअरहार्ट आणि नूनन यांना घरची माणसं होती, बोरेललाही होती. 'हा तुमचाच माणूस' असं त्यांना सांगण्याआधी फोटोतला डोंगर किंवा धक्का कुठला, एवढं तरी तपासणं हे आपलं किमान काम आहे.