भट्टीत जाणारे लिग्निन



हंगाम सुरू झाला की आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवरून उसाच्या गाड्या धावू लागतात. गाडीत काय चालले आहे असे केडगावात कोणालाही विचारा. तो म्हणेल, साखर. हिशेब मात्र निराळा आहे. शंभर किलो उसातून साखर निघते सुमारे १० ते ११ किलो, आणि ओले चिपाड उरते जवळजवळ ३० किलो. त्यातले निम्मे पाणी वजा केले, तर उरलेल्या कोरड्या भागाचा सुमारे पाचवा हिस्सा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. म्हणजे टनामागे सुमारे ३० किलो. हे सारे बॉयलरच्या भट्टीत जाते. आम्ही काही रसायनशास्त्री नव्हे. परंतु ज्या वस्तूच्या धगीपुढे कामगार आयुष्य काढतो तिची खरी किंमत काय, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे, असे आम्ही मानतो.

झाड उभे राहते ते सेल्युलोजचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारे लिग्निन यांच्या बळावर. भिंतीत विटा आणि चुना, तसे हे नाते. १८१३ साली स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कांडोल याने लाकडाच्या लॅटिन शब्दावरून लिग्निन हे नाव दिले. १८३८ साली फ्रान्समध्ये पायें याने लाकडातून सेल्युलोज वेगळे केले. तेव्हापासून विटांना भाव आला आणि चुना टाकाऊ ठरला. कागदवाल्यांना धागे हवे होते. बल्लारपूरच्या गिरणीनेही चंद्रपूरकडचा बांबू शिजविला तो धाग्यांसाठीच. शिजविताना लिग्निन विरघळून काळा द्राव होतो. हा द्राव जगभर आधी नद्यांत सोडला गेला. पुढे तो जाळून वाफ करण्याची व औषधे परत मिळविण्याची युक्ती साधली.

या टाकाऊ मालाची पहिली मोठी कमाई झाली ती सुगंधाची. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये आणि कॅनडात १९३० नंतरच्या दशकात कागद गिरण्यांच्या सांडद्रावातून व्हॅनिलीन काढू लागले. आइस्क्रीमचा व्हॅनिलाचा वास लाकडातून येऊ लागला! पण पुढे खनिज तेलापासून ते स्वस्त मिळू लागले, सांडपाण्याचे नियम कडक झाले, आणि ते कारखाने बंद पडले. नॉर्वेतील बोरेगार्ड कंपनी मात्र १९६२ पासून आजतागायत लाकडातून व्हॅनिलीन काढीत आहे. शास्त्र दोन्हीकडे एकच होते. निकाल लावला तो बाजाराने आणि कायद्याने.

लिग्निन फोडणे अवघड का? त्याचे तुकडे केले की ते पुन्हा एकमेकांस चिकटतात, आणि नवी गाठ जुनीहून घट्ट बसते. येथे उत्प्रेरक लागतो. लग्न जुळविणारा मध्यस्थ खटपट सारी करतो, पण स्वतः बोहल्यावर चढत नाही, तसा हा. १९३८ साली विस्कॉन्सिनमध्येच हॅरिस, डियानी व ॲडकिन्स यांनी तांबे व क्रोमियम यांच्या ऑक्साइडांचा उत्प्रेरक वापरून, हायड्रोजनच्या दाबाखाली लिग्निनपासून अल्कोहोल वर्गातील द्रव्ये मिळविली. पण उत्प्रेरकही कामगारासारखाच थकतो. त्याच्या अंगावर काजळी चढते. म्हणून ही विद्या दीर्घकाळ प्रयोगशाळेतच राहिली.

ती आता आपल्या दाराशी आली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दीपा व डॉ. परेश ढेपे यांनी घन आम्ल उत्प्रेरकांनी, २५० अंश उष्णतेवर अर्ध्या तासात, लिग्निनचा सुमारे ६० टक्के भाग विरघळणाऱ्या लहान द्रव्यांत उतरविला. हे काम २०१५ साली प्रसिद्ध झाले. बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाने २०२० साली बर्चच्या लाकडातून फिनॉल व प्रॉपिलीन काढून दाखविले. डिसेंबर २०२४ मध्ये तर नागपूरजवळ मानसर येथे, पुण्याच्या प्राज कंपनीचे लिग्निनमिश्रित डांबर महामार्गाच्या एका तुकड्यावर पडले. तेथे उत्प्रेरकाचा खटाटोप नाही. पण लिग्निन विकले जाते, एवढे सिद्ध झाले.

कोणी म्हणेल, चिपाड काढून घेतले तर वाफ आणि वीज कोठून आणायची? प्रश्न रास्त आहे. वाफेची बचत करून जेवढे शिल्लक राहील तेवढ्यापुरतीच ही गोष्ट आहे. पण आमचा खरा प्रश्न त्यापुढचा आहे. १९५० साली लोणीस प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, तो शेतकऱ्यांनी आपला माल परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून. महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने साखर आणि चिपाड, मळी यांसारख्या पहिल्या पायरीच्या उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा ऊस पिकविणाराचा धरला. पण उद्या चिपाडापासून फिनॉल झाले, तर ती पुढची पायरी; तिचा हिशेब कोण मांडणार? आणि पाथर्डीहून कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्यास तर टनावर मजुरी. त्या टनातून पुढे साखर निघो की सुगंध, त्यांच्या दरात फरक नाही.

लिग्निनचा दोनशे वर्षांचा इतिहास आम्हांस एवढेच शिकवितो : वस्तू टाकाऊ असते ती कोणी तिची किंमत विचारीपर्यंत. किंमत ठरेल तेव्हा वाटणीच्या बैठकीत कोयत्यालाही जागा असावी. ती मागणी भट्टी विझल्यावर नव्हे, आजच करावयाची आहे.