बिनटोलचा पूल

माझी नानी खारदांड्याहून माहीमला मखदूम शाहबाबांच्या जियारतीला पायी जायची. बांद्र्याचा तलाव, मशीद, मग खाडीवरचा कॉजवे. तिथे ती थांबून पाण्याकडे बघायची आणि म्हणायची, "हा रस्ता एका बाईने दिलाय."

लहानपणी ते मला दंतकथेसारखं वाटायचं. ती दंतकथा नव्हती.

मखदूम अली माहिमींचा इंतकाल 1431 सालचा. त्यानंतर चारशे वर्षं साष्टीकडच्या माणसाला माहीम गाठायचं तर होडीशिवाय इलाज नव्हता. खाडीत चिखल, भरतीची ओढ, पावसाळ्यात तर जिवाशीच गाठ. जियारतीला जाणाऱ्याचंही तेच आणि माहीमच्या बाजारात मासळी, भाजी नेणाऱ्याचंही तेच. लोक पूल मागत होते, पण ईस्ट इंडिया कंपनी पैसा सोडायला तयार नव्हती.

शेवटी पुढे आल्या आवाबाई, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी. सुरुवातीला खर्चाचा अंदाज एक लाखाचा होता. काम अर्ध्यावर असताना पैसे संपले, तेव्हा त्यांनी आणखी 57,000 दिले. एकूण 1,57,000 रुपये, आणि तेही त्या काळातले! 1843 मध्ये सुरू झालेलं काम 1845 मध्ये पुरं झालं. माहीमच्या रस्त्याला लेडी जमशेटजींचं नाव आहे, आपण मात्र त्याला एल. जे. रोड म्हणून मोकळे होतो.

पण मला पैशापेक्षा त्यांची अट मोठी वाटते. या वाटेवर लोकांकडून टोल घ्यायचा नाही, असं त्यांनी सरकारकडून कबूल करून घेतलं होतं. आपल्याकडे अशा कामाला सदका-ए-जारिया म्हणतात: देणारा गेला तरी ज्याचं पुण्य थांबत नाही असं दान. ते एका पारशी बाईने केलं, आणि त्यावरून दर्ग्याला, देवळाला, माउंट मेरीला जाणारे सगळे चालले. नानीला त्यात काही नवल वाटत नसे. मला वाटतं, कारण आज इमारतीत घर देतानाही आधी नाव विचारतात.

2009 मध्ये बांद्रा-वरळी सागरी सेतू सुरू झाला. दिसायला देखणा आहे, नाही म्हणणार नाही. पण टोल भरला तरी रिक्षा, दुचाकी आणि पायी माणूस यांना त्यावर मज्जाव. नानी असती तर तिला तो लांबूनच बघावा लागला असता.

गेल्या उरुसाला मी मुलीला घेऊन कॉजवेवरून पायी गेलो. गाड्यांच्या धुरात तिला खोकला आला. मधोमध थांबून तिने विचारलं, "बाबा, खाली ही नदी आहे की गटार?"

"मिठी नदी," मी म्हणालो.

ती नाक दाबून हसली, आणि आम्ही पुढे निघालो.