मोटारीचे पारपत्र

परदेशी जाणाऱ्या माणसाला पारपत्र लागते, आणि ते जवळ असूनही बंदरावरचा अधिकारी त्याला परत पाठवू शकतो, हे सर्वश्रुत आहे. परंतु मोटारीलाही असेच एक पारपत्र लागते व ते मिळविण्यातील अडचणी माणसाच्या अडचणींहून कमी नसतात, याची जाणीव थोड्यांनाच असते. एका देशात राजरोस धावणारी गाडी दुसऱ्या देशाच्या धक्क्यावर उतरताच बेकायदेशीर ठरते. तिच्या यंत्रात मात्र काडीचाही फरक पडलेला नसतो. हे कसे घडते, याचा सर्वांत बोधप्रद इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सापडतो. आपल्यापैकी बहुतेकांची हयात नियम राबविण्यात चालली आहे. तेव्हा एखादा नियम कोणत्या हेतूने जन्मास येतो आणि वाटेत त्याला कोण कोण येऊन मिळते, हे पाहणे वाचकांस अप्रस्तुत वाटणार नाही अशी आम्हांस आशा आहे.

1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत अमेरिकेत परदेशी मोटार नेणे हे मुख्यतः जकात भरण्याचे काम होते. युरोपातील लष्करी तळांवरून परतणारे सैनिक जर्मन व इंग्रज गाड्या बरोबर आणीत आणि त्या आपल्या गावी नोंदवून घेत. मोटार सुरक्षित आहे की नाही हा प्रश्न सरकारचा नसून चालविणाराचा आहे, असे त्या काळी मानले जाई. 1965 साली राल्फ नेडर या तरुण वकिलाने अमेरिकन कारखानदारांच्या बेफिकिरीवर पुस्तक लिहून या समजुतीस जबर धक्का दिला. पुढच्याच वर्षी, 9 सप्टेंबर 1966 रोजी, अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन-सुरक्षेच्या कायद्यावर सही केली, आणि 1 जानेवारी 1968 पासून बनणाऱ्या मोटारींना संघराज्याची सुरक्षा-मानके लागू झाली. 1970 साली हवेच्या शुद्धतेसाठी कडक कायदा झाला व धुराच्या नियंत्रणाचे काम नव्या पर्यावरण-संस्थेकडे गेले. अशा रीतीने बंदरावरील जकात-अधिकाऱ्याच्या मागे आणखी दोन खाती येऊन उभी राहिली.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढील सर्व इतिहास त्यावर आधारलेला आहे. युरोपातील पद्धतीत गाडीचा नमुना सरकारी यंत्रणा तपासते व मान्यता देते. अमेरिकेत सुरक्षेच्या बाबतीत सरकार आधी काही तपासीत नाही. ‘ही गाडी सर्व मानकांस उतरते’ असे प्रमाणपत्र कारखानदारानेच द्यावयाचे आणि तशी पट्टी गाडीवर लावावयाची. पट्टी खोटी ठरली तर दंड. ज्या गाडीवर ही पट्टी नाही ती कितीही भक्कम असो, कायद्याच्या दृष्टीने ती अप्रमाणितच! आता जर्मनीत विकण्यासाठी बनविलेल्या गाडीवर अमेरिकन पट्टी कारखानदार कशाला लावील? सारांश, गाडीचे पारपत्र देणे न देणे हे प्रथमपासूनच, निदान अंशतः, ती बनविणाराच्या हाती गेले.

तथापि 1968 च्या व्यवस्थेत एक वाट मोकळी होती. अप्रमाणित गाडी जामीन भरून आत आणावी, 120 दिवसांत ती मानकांनुसार दुरुस्त करून घ्यावी, कागदपत्रे पाठवावीत आणि जामीन सोडवून घ्यावा. दुरुस्ती कसली? दारांच्या पोकळीत पोलादी पट्ट्या बसविणे, हलकी धडक सोसणारे बंपर लावणे, कडेचे दिवे जोडणे, पुढचे दिवे बदलणे, वेगमापक किलोमीटरऐवजी मैलांचा करणे, आणि धुरासाठी शुद्धीकरणाचे यंत्र नळीत बसविणे. धुराच्या नियमांत तर याहून मोठी सवलत होती: पाच वर्षांहून जुनी अशी एक गाडी प्रत्येकास आयुष्यात एकदा विनाबदल आणता येई. ही वाट थोड्या माणसांसाठी ठेवली होती, आणि बरीच वर्षे थोडीच माणसे तिने गेली.

1980 नंतर चित्र पालटले, आणि ते पालटविले चलनाने. 1980 साली एका डॉलरला सुमारे 1.8 जर्मन मार्क मिळत. 1985 च्या आरंभी तो भाव 3.4 च्या वर गेला. म्हणजे जर्मनीतील मोटार अमेरिकन माणसाला जवळजवळ अर्ध्या किमतीत पडू लागली. अमेरिकेतील अधिकृत विक्रेत्यांनी मात्र आपले भाव त्या मानाने उतरविले नाहीत. शिवाय इंधन-बचतीच्या नियमांमुळे मर्सिडीज कंपनी आपली 500 क्रमांकाची जोरकस गाडी प्रथम अमेरिकेत विकीतच नव्हती. तेथे 380 क्रमांकावर समाधान मानावे लागे. साहजिकच लोकांनी स्टुटगार्टची वाट धरली. तेथे गाडी घ्यावी, जहाजावर चढवावी, अमेरिकेत दुरुस्त करून घ्यावी. सगळा खर्च धरूनही हजारो डॉलर शिल्लक उरत. हा व्यापार बेकायदेशीर नव्हता म्हणून काळा नव्हे, आणि अधिकृत नव्हता म्हणून पांढराही नव्हे. त्यास ‘करडा बाजार’ असे सार्थ नाव पडले. 1985 साली या बाजारातून सुमारे 66,900 गाड्या अमेरिकेत आल्या.

एवढा आकडा झाल्यावर ज्यांचे नुकसान होत होते ते स्वस्थ बसणे शक्य नव्हते. मर्सिडीजची अमेरिकन शाखा आणि तिचे विक्रेते यांनी काँग्रेसचे दार ठोठावले आणि त्यासाठी पैसाही ओतला. त्यांचा युक्तिवाद मात्र धंद्याचा नव्हता. तो सुरक्षेचा होता. कोपऱ्यावरच्या गॅरेजात दारात ठोकलेली पट्टी धडकेच्या वेळी टिकेल कशावरून? शुद्धीकरण-यंत्र तपासणीपुरते बसवून नंतर काढून टाकले नसेल कशावरून? येथे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे की या शंका निराधार नव्हत्या. काँग्रेसच्या जनरल अकाउंटिंग ऑफिसनेही 1986 साली असाच निष्कर्ष काढला की, या गाड्या मानकांस उतरतात याची खात्री देता येत नाही. काही गॅरेजवाले मनापासून काम करीत, काही केवळ कागद रंगवीत. आणि टेबलावर आलेल्या कागदावरून त्या दोहोंतील फरक ओळखणे किती दुष्कर असते, हे या मासिकाच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

परंतु रोग खरा असला म्हणजे औषध निःस्वार्थीच असते असे नाही. 31 ऑक्टोबर 1988 रोजी आयात वाहनांच्या सुरक्षा-पालनाचा कायदा संमत झाला व 31 जानेवारी 1990 पासून अमलात आला. त्याने बंदी कोठेच घातली नाही. गाडी केवळ सरकारकडे नोंदलेल्या आयातदारामार्फतच आणावी. ती अमेरिकेत प्रमाणित झालेल्या एखाद्या नमुन्याशी बहुतांशी जुळते, किंवा मानकांनुसार सहज बदलता येते, असा निर्णय सरकारने आधी दिलेला असावा. आणि तिच्या जकातपात्र किमतीच्या दीडपट जामीन भरावा, एवढेच तो म्हणतो. आता जुळणारा नमुना नसेल, तर गाडी मानकांस उतरते हे सिद्ध कसे करावयाचे? धडक-चाचणीने, म्हणजे आणलेल्या गाड्या भिंतीवर आदळून. ज्या कारखानदाराला लाखभर गाड्या विकावयाच्या आहेत त्याला चार गाड्या फोडणे परवडते. ज्याला एकच गाडी वापरावयाची आहे त्याने काय फोडावे? धुराच्या नियमांतील एकदाची सवलतही 1988 पासून गेली. तोवर डॉलरही उतरला होता, हे खरे; पण डॉलर पुढे पुन्हा चढला तरी हा बाजार पूर्ववत भरला नाही. 1985 च्या त्या 66,900 गाड्यांच्या जागी 1995 साली सुमारे 300 आल्या.

कायदा सामान्यांना कसा लागतो व असामान्यांना कसा, याचे उदाहरण पोर्शे 959 या गाडीने घालून दिले. तीनशेच्या आसपास संख्येत बनलेली ही गाडी मायक्रोसॉफ्टचे संस्थापक बिल गेट्स यांनी मागविली. चाचणीसाठी चार गाड्या फोडावयास देण्याचे कंपनीने नाकारले, आणि जगातील त्या धनाढ्य गृहस्थाची मोटार सुमारे 13 वर्षे जकातखात्याच्या ताब्यात अडकून पडली. कायद्यापुढे सर्व समान, असे म्हणून आपण येथे समाधान मानू शकलो असतो. परंतु 1998 साली काँग्रेसने कायद्यात नवे कलम घातले व 1999 साली त्याचे नियम झाले. ऐतिहासिक किंवा तांत्रिक महत्त्वाची, विरळा गाडी ‘दर्शनासाठी’ आणण्यास परवानगी मिळाली; तिने वर्षाकाठी 2,500 मैलांहून अधिक धावू नये एवढी अट. मग जी गाडी दुर्मिळ नाही, जिच्या मालकापाशी वकील नाही, तिच्यासाठी कोणती वाट उरली?

ती वाट काळाची. गाडी बनून 25 वर्षे लोटली म्हणजे सुरक्षा-मानके तिला लागत नाहीत. धुराच्या नियमांसाठी ही मुदत 21 वर्षांची आहे. जपानची निस्सान स्कायलाईन जीटी-आर 1989 साली बनू लागली. अमेरिकन तरुणांनी तिची चित्रे भिंतीवर लावली, तिच्यावरचे खेळ खेळले, आणि ती दारात उभी करावयास 2014 साल उजाडावे लागले. दरम्यान शेजारच्या कॅनडाने हीच मुदत 15 वर्षांची ठेवलेली. अमेरिकन मोटारधंद्याची राजधानी डेट्रॉईट आणि कॅनडातील विंडसर यांच्यामध्ये केवळ एक नदी आहे. सोळा वर्षांची जपानी गाडी विंडसरच्या रस्त्यावर निर्वेध चालते. तिचा कॅनडावासी मालक पुलावरून पाहुणा म्हणून तिला पलीकडेही नेऊ शकतो. पण डेट्रॉईटच्या रहिवाशाने ती विकत घेतली की ती निषिद्ध! नदीच्या दोन काठांवर माणसाची हाडे वेगळ्या धातूची असतात, असे सुरक्षाशास्त्र सांगत नाही.

वय हीच पात्रता ठरली, की वयाचे दाखले खोटे होऊ लागतात. 2014 च्या जुलैत अमेरिकन सरकारने निरनिराळ्या घटकराज्यांतून 40 लँड रोव्हर डिफेंडर गाड्या मालकांच्या दारांतून उचलून नेल्या. त्या 25 वर्षांच्या नाहीत असा सरकारचा आरोप होता. वाद कोर्टात गेल्यावर अनेकांना त्या परत मिळाल्या. दाखला बनविणारा एक, आणि दार वाजते ते दुसऱ्याचेच. शिवाय संघराज्याने सोडलेली गाडी घटकराज्य नोंदवीलच असेही नाही. जपानचे चिमुकले मालवाहू ट्रक 25 वर्षे पूर्ण करून, सर्व कागद जुळवून शेतकऱ्यांच्या घरी आले, तरी काही राज्यांनी अलीकडच्या वर्षांत त्यांची नोंदणी नाकारली वा रद्द केली. बंदरावर जे पारपत्र चालले ते तालुक्याच्या कचेरीत चालेना.

या संदर्भात आपल्या देशाची तुलना उद्बोधक ठरेल. जुन्या गाडीच्या आयातीवर भारताने अगदी उलटी अट घातली: ती बनल्यापासून तीन वर्षांहून जुनी नसावी. चालकाचे चक्र उजवीकडे हवे, वेगमापक किलोमीटरचा हवा, आणि ती उतरविण्यास एकच बंदर नेमून दिले, ते म्हणजे मुंबई. अमेरिकेचे दार गाडी म्हातारी झाल्यावर उघडते, आपले ती पोरवयात असतानाच मिटते. कारण उघड आहे. अमेरिकन विक्रेत्यास भय नव्या गाडीच्या स्पर्धेचे होते. आपल्याला भय परदेशच्या भंगाराचे. शिवाय आपण आपला हेतू लपविला नाही. देशात सुटे भाग बनविण्याचा कार्यक्रम नसलेल्या कारखान्यांना 1953 साली सरकारने उघडपणे दार दाखविले, आणि 1928 पासून मुंबईत मोटारी जुळविणारा जनरल मोटर्सचा कारखाना 1954 साली बंद झाला. त्या धोरणाची किंमत गिऱ्हाईकाने वर्षानुवर्षे वाट पाहून मोजली, हे नाकारता येत नाही. परंतु त्याला संरक्षण हेच नाव दिलेले असल्यामुळे त्यावर वाद करता आला आणि पुढे ते बदलताही आले.

अमेरिकन कायद्याचा दोष आम्हांस नेमका येथे दिसतो. 1966 च्या कायद्याने असंख्य प्राण वाचविले, त्याची थोरवी निर्विवाद आहे. 1988 च्या कायद्याने त्याच थोरवीच्या पांघरुणाखाली विक्रेत्यांचा हिशेब आत घेतला. ज्या नियमास दोन हेतू असतात, पण नाव एकाच हेतूचे असते, तो सुधारणे फार कठीण. कारण व्यापारी अंशास हात लावणारावर लोकांच्या जिवाशी खेळण्याचा आरोप येतो. निव्वळ सुरक्षाच साधावयाची असती, तर एका गाडीच्या मालकाला परवडेल अशी एकेका गाडीची तपासणी नेमता आली असती. ती नेमली नाही. खर्च एवढा ठेवला की निषेधाचा शब्दही न उच्चारता निषेध पुरा व्हावा.

नियम राबविणाराच्या हाती तो बदलणे नसते. परंतु समोर उभ्या असलेल्या माणसाला नियमाचा कोणता भाग त्याच्या संरक्षणासाठी आहे आणि कोणता दुसऱ्या कोणाच्या, हे ओळखून त्याच्याशी बोलणे नक्कीच असते. तेवढे ज्ञान या परक्या मोटारींच्या इतिहासातून मिळाले, तरी तो वाचण्याचे श्रम वाया गेले असे आम्हांस वाटणार नाही.