मेसिए ८७ चा झोत आणि गॅमा किरणांचे उगमस्थान

कन्या राशीतील मेसिए ८७ या दीर्घिकेच्या केंद्रातून एक सरळ किरण निघालेला दिसतो, अशी नोंद लिक वेधशाळेतील हेबर कर्टिस यांनी १९१८ मध्ये केली. दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहेत किंवा कसे, हाच प्रश्न त्या वेळी अनिर्णित होता. तेव्हा ती नोंद बराच काळ उपेक्षित राहिली, यात नवल नाही.

१९४९ मध्ये बोल्टन, स्टॅन्ली व स्ली यांनी कन्येतील प्रखर रेडिओ-उगमाची सांगड याच दीर्घिकेशी घातली. झोताचा प्रकाश ध्रुवित असल्याचे बाडे यांनी १९५६ मध्ये दाखविले आणि चुंबकीय क्षेत्रात फिरणारे वेगवान इलेक्ट्रॉन हेच त्याचे कारण, हे श्क्लोव्हस्की यांचे अनुमान दृढ झाले. परंतु त्यातूनच नवी अडचण उद्भवली. झोताची लांबी काही सहस्र प्रकाशवर्षे. उलट असे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा त्याहून पुष्कळच लवकर गमावतात, आणि क्ष-किरण देणारे तर काही वर्षांतच. अर्थात त्यांना वाटेतच पुन्हा वेग मिळत असला पाहिजे. मग अत्युच्च ऊर्जेचे किरण केंद्रात जन्मतात की वाटेवर?

या दीर्घिकेकडून येणाऱ्या अशा गॅमा किरणांचा पुरावा हेग्रा गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केला. मात्र गॅमा-दुर्बिणींची विभेदनक्षमता सुमारे दशांश अंशाची असल्याने संपूर्ण झोत त्यांना बिंदुवत भासतो. जे स्थळाने कळत नाही ते काळावरून ताडणे, एवढाच मार्ग उरला. नामिबियातील हेस दुर्बिणींना २००५ मध्ये थोड्या दिवसांतच तेजात चढउतार आढळले. म्हणजे उगमाचा विस्तार काही प्रकाशदिवसांच्या फार पलीकडे असू शकत नाही. हा पुरावा केंद्रस्थ कृष्णविवराच्या सान्निध्याकडे बोट दाखवितो. पण नेमक्या त्याच वर्षी केंद्रापासून दोनशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर असलेली ‘एचएसटी-१’ ही गाठ क्ष-किरणांत असाधारण उजळली होती, त्यामुळे तिलाही वगळता येईना.

२००८ च्या उद्रेकात ही गाठ शांत राहिली व केंद्राचे रेडिओ-तेज वाढले. केंद्रवाद्यांची बाजू बळावली. २०१० च्या उद्रेकात केंद्र क्ष-किरणांत उजळले खरे, परंतु रेडिओ-तेजाची तशी वाढ काही दिसली नाही. एकाच दीर्घिकेतील तीन उद्रेकांनी तीन निरनिराळ्या साक्षी दिल्या. त्या सर्वांना एकच उगमस्थान लावण्याचा आग्रह धरण्यास सबळ आधार नाही.