तुकड्यांतून साधलेली अखंडता

'येस' या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचे जुने चाहते बोलू लागले की विषय लवकरच वादकांच्या हातांवर येतो. ख्रिस स्क्वायर यांच्या बास गिटारचा धारदार स्वर, स्टीव्ह हाऊ यांची नाना शैलींतून फिरणारी बोटे, रिक वेकमन यांच्याभोवती रचलेले कीबोर्ड, बिल ब्रुफर्ड यांचे अनपेक्षित जागी पडणारे आघात. या स्मरणरंजनामागे एक गृहीतक असते: हे वादक इतके तयारीचे होते की असे संगीत त्यांच्या हातून सहज वाहत असे. 'क्लोज टू द एज' या तबकडीचा इतिहास मात्र निराळे काही सांगतो.

ही तबकडी १९७२ साली लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत सिद्ध झाली. तिची पहिली बाजू म्हणजे अठरा मिनिटांहून मोठी एकच रचना; तिच्या शब्दांमागे हेर्मान हेसे यांच्या 'सिद्धार्थ' या कादंबरीची प्रेरणा आहे. ही रचना सलग वाजवून मुद्रित झालेली नाही. थोडा भाग बसवायचा, तो मुद्रित करायचा, मग पुढच्या भागाकडे वळायचे, असा क्रम होता. ध्वनिमुद्रणाची धुरा वाहणारे एडी ऑफर्ड फीत कापून हे तुकडे सांधत. मधला भव्य ऑर्गनही क्रिपलगेटच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये वेगळा मुद्रित करून त्यात बसवला गेला.

मग ते कौशल्य आभासच होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. या संथ, वादविवादांनी भरलेल्या पद्धतीला कंटाळलेले ब्रुफर्ड तबकडी बाहेर येण्यापूर्वीच 'किंग क्रिमझन'मध्ये गेले. त्यांच्या जागी आलेल्या अ‍ॅलन व्हाइट यांना दौऱ्यापूर्वी जेमतेम तीन दिवस मिळाले. जे तुकड्यांत घडले होते ते आता रंगमंचावर एका दमात वाजवायचे होते. ते कसे साधले, हे १९७३ च्या 'येससाँग्ज' या तीन तबकड्यांच्या संचात ऐकता येते. म्हणजे आधी रचना जोडली गेली आणि मग वादक तिच्या उंचीला पोहोचले.

साहित्याच्या अभ्यासकाला हे अपरिचित नाही. छापील ओळीचा ओघ पुष्कळदा खाडाखोडीतूनच आलेला असतो. म्हणून तो खोटा ठरत नाही.

१९७६-७७ च्या पंक लाटेत या संगीतावर बडेजावाचा आरोप झाला. चाहत्यांनी उत्तरादाखल पुन्हा वादकांच्या तयारीचेच दाखले दिले. आमच्या मते दोन्ही पक्ष हातांकडेच पाहत राहिले. एकमेकांचे ऐकून, टाकून, पुन्हा बसवण्याची चिकाटी दोघांच्याही नजरेतून निसटली.

स्क्वायर २०१५ मध्ये निवर्तले, व्हाइट २०२२ मध्ये. आता त्यांच्याविषयीच्या आठवणीच इतिहासाची साधने होत जाणार. त्या आठवणींत वेगाइतकीच ही चिकाटीही नोंदली जावी. अन्यथा ज्यांनी कष्टाने शिकून घेतले, त्यांना आपण केवळ जन्मजात प्रतिभावंत ठरवून मोकळे होऊ.