इंधनाची जोखीम कोणाच्या पदरात? : उरण, दाभोळ आणि तिरोडा

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्याच महिन्यात राज्याच्या दुसऱ्या टोकाला दाभोळ वीज प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. या दोन घटनांचा तेव्हा एकमेकींशी काहीच संबंध नव्हता. पण आमच्या जिल्ह्यातल्या विजेचा इतिहास जुळवताना मला वारंवार कोकण किनाऱ्याकडे जावे लागले. तिरोड्याला जो प्रश्न पडला, तो आधी तिथेच पडला होता.

सुरुवात उरणपासून करावी लागते. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ला मुंबई हाय येथे तेल लागले. तेलाबरोबर वायूही निघाला. तो उरणला आणून वीज मंडळाने १९८२पासून वायूवर चालणारे संच उभे केले. पुढे तिथे १०८ मेगावॅटचे चार संच आले. अशा टर्बाइनमधून बाहेर पडणारा धूर पाचशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. एरवी तो चिमणीतून वाया जातो. उरणला त्या धुरावर पाण्याची वाफ करून १२० मेगावॅटचे आणखी दोन संच चालवण्यात आले. म्हणजे ४३२ मेगावॅटला लागणाऱ्या वायूतच ६७२ मेगावॅट वीज. यालाच संयुक्त चक्र म्हणतात. कोळशाच्या उत्तम संचात इंधनातील सुमारे चाळीस टक्के उष्णतेची वीज होते. संयुक्त चक्रात पन्नास टक्क्यांहून अधिक. राखही नाही.

यंत्र इतके काटकसरी, पण वायूच कमी पडू लागला आणि उरणचे केंद्र क्षमतेपेक्षा कमी चालत राहिले. तरी तिथे वायू देशातला होता, व्यवहार दोन सरकारी संस्थांमधला होता.

दाभोळची गोष्ट वेगळी. नाव दाभोळचे असले तरी प्रकल्प वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यातील अंजनवेलला आहे. जून १९९२ मध्ये एन्रॉनशी सामंजस्य करार झाला, डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदी करार. १९९५ साली युती सरकारने तो रद्द केला आणि फेरवाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला. या वादात भ्रष्टाचाराची चर्चा फार झाली, इंधनाच्या कलमांची त्या मानाने कमी. पहिला टप्पा वायूवर नव्हे, नाफ्थ्यावर सुरू झाला. इंधनाचा खर्च जसाच्या तसा मंडळाच्या बिलात येणार होता. दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. वीज उचलली नाही तरी स्थिर आकार द्यायचाच होता. तेल महागले, रुपया घसरला आणि बिल मंडळाला पेलेना. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले, डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली.

२००५ साली एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली. केंद्राची क्षमता १,९६७ मेगावॅट. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू मिळाला तोवर ते चालले. तो आटला तसे २०१३ साली पुन्हा थांबले. २०१५च्या अखेरीस रेल्वेसाठी त्याचा थोडा भाग सुरू झाला.

किनाऱ्यावर ही यंत्रे वायूची वाट पाहत असतानाच तिरोड्याला अदानींचे कोळशाचे केंद्र उभे राहत होते. ६६० मेगावॅटचे पाच संच; पहिला २०१२ साली, पाचवा २०१४ साली. पाणी वैनगंगेचे, कोळसा रेल्वेने, आणि वीज ७६५ केव्हीच्या वाहिन्यांवरून अकोला-औरंगाबादकडे. कोळसा आपल्या भागातला, म्हणून इथे इंधनाची चिंता नाही, असे वाटले होते. पण प्रकल्पासाठी ठरलेला लोहारा खाणपट्टा ताडोबाच्या शेजारी निघाला आणि तो हाती आला नाही. दुसरीकडचा महाग कोळसा आणावा लागला. हा वाढीव खर्च कंपनीने सोसायचा की महावितरणने, म्हणजे पर्यायाने ग्राहकाने, हा वाद वीज नियामक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

म्हणून मला दाभोळ आणि तिरोडा ही दोन वेगळी प्रकरणे वाटत नाहीत. एकीकडे वायू, दुसरीकडे कोळसा. एकीकडे परदेशी कंपनी, दुसरीकडे देशी. करारातला प्रश्न मात्र एकच : ठरलेले इंधन मिळाले नाही किंवा महागले, तर भुर्दंड कोणाला? दोन्ही वेळा तो शेवटी वीजबिलाच्या दिशेने सरकला.

आता मुंबईहून नागपूर, रायपूरमार्गे झारसुगुड्याला जाणारी वायुवाहिनी आखली गेली आहे. वायू पूर्व विदर्भाच्या दिशेने येतो आहे. राख नको असलेल्या तिरोडा परिसराला त्याची ओढ वाटली तर नवल नाही, आणि उरणचे गणित पाहता ती रास्तही आहे. पण वायूचे केंद्र इथे कधी यायचे झालेच, तर चिमणीची उंची आणि रोजगाराचे आकडे विचारण्याआधी गावकऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी करारातले इंधनाचे पान मागावे. दाभोळच्या वेळी ते पान लोकांसमोर यायला फार उशीर झाला होता.