देवघरातली लेकरं : ‘भूत आहे का?’ याऐवजी काय विचारायचं?

समजा, फिल्डवर्कसाठी तुम्ही पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या बाजूच्या एखाद्या वाडीत गेलात. बोलता बोलता घरातली आजी सहज सांगते, “आमच्या घरात मुंजा हाय. पोरगंच ते. कुणाला तरास न्हाय त्याचा.” सणावाराला त्याच्या नावाने पान वाढतात, घरात काही चांगलं झालं की त्याला सांगतात. आता तुमच्या वहीत तुम्ही काय लिहाल?

बहुतेक वह्यांमध्ये दोनपैकी एक शब्द येतो : ‘अंधश्रद्धा’ किंवा ‘गूढ अनुभव’. यातला कुठलाही शब्द लिहिला की प्रश्न तिथेच संपतो. विज्ञान शाखेतून इतिहासाकडे येणाऱ्यांना (मीही त्यांच्यातलाच) पहिला मोह होतो तो ‘खरं की खोटं’ ठरवण्याचा. पण मुंजा कुठल्याही उपकरणाने मोजता येत नाही. ते घर त्याच्यासाठी जागा ठेवतं, ताट वाढतं, त्याचं नाव घेतं, हे मात्र बघता येतं, नोंदवता येतं आणि मागच्या शंभर-दीडशे वर्षांच्या कागदांत शोधताही येतं. इतिहासाचा विषय तो आहे.

मुंजा म्हणजे नक्की कोण?

२०२४ मध्ये आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हा हिंदी सिनेमा आला आणि अनेकांच्या डोक्यात मुंजाचं एकच चित्र बसलं : कोकणातलं, लग्नासाठी हटून बसलेलं भयानक पोर. जुन्या नोंदींतला मुंजा मात्र वेगळा आहे. मुंज झालेली, पण सोडमुंज व्हायच्या आत वारलेला ब्राह्मण मुलगा म्हणजे मुंजा. तो पिंपळावर किंवा विहिरीत राहतो. सहसा फार त्रास देत नाही, फक्त घाबरवतो. एकदा धरलं की मात्र लवकर सोडत नाही.

सोडमुंज हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. मुंजीने मुलगा ब्रह्मचारी होतो आणि सोडमुंजीने, म्हणजे समावर्तनाने, तो त्या अवस्थेतून बाहेर पडून लग्नाला मोकळा होतो. मधेच मेला तर तो अर्ध्या वाटेवर अडकतो. मुंजाची कल्पना म्हणजे या अडकलेपणाला दिलेलं नाव आहे. म्हणून तर त्याच्या नावाने एखाद्या बटूला जेवू घालण्याची रीत आहे. जे मूल मोठं होऊ शकलं नाही, त्याच्या वयाच्या दुसऱ्या मुलाला आपण वाढतो.

पुढे मुंजाचा ‘मुंजोबा’ आणि ‘मुंजाबा’ झाला. पुण्यात मुंजाबाचा बोळ आहे, धानोरीत मुंजाबा वस्ती आहे. ‘बा’ किंवा ‘बा’सारखा आदराचा शेवट लागला की समजावं, भुताची बढती झाली. आता तो राखणदार आहे.

ही यादी कुणी केली?

इथे थांबून सोर्सकडे बघू. वर दिलेली व्याख्या मुख्यतः आर. ई. एन्थोव्हेन यांच्या ‘फोकलोअर ऑफ बॉम्बे’ (१९२४) आणि त्याआधीच्या कोकणावरच्या टिपणांतून (१९१५) येते. मूळ सामग्री ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवली होती. हो, तेच जॅक्सन, नाशिकचे कलेक्टर. २१ डिसेंबर १९०९ रोजी ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आले असताना अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या. त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन यांनी ही टिपणं संपादित करून छापली.

जॅक्सन यांची पद्धत लक्षात ठेवा. त्यांनी प्रश्नावली तयार केली आणि ती गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवली. म्हणजे सांगणारा मास्तर, बहुतेक वेळा पुरुष आणि शिकलेला. उत्तर जाणार सरकारदरबारी. ज्या बाईच्या पोटचं पोर गेलं, तिला कुणी थेट विचारलं नाही.

याचा परिणाम यादीत दिसतो. एन्थोव्हेनमध्ये भुतं जातवार लावलेली आहेत : ब्राह्मण मुलगा गेला तर मुंजा, अविवाहित क्षत्रिय गेला तर वीर, शेतकरी किंवा महार समाजातला दहा वर्षांवरचा अविवाहित मुलगा गेला तर चेडा. मेल्यावरही जात सुटत नाही! पण हा वर्गीकरणाचा नीटनेटकेपणा गावाचा किती आणि जनगणनेच्या काळात जातीच्या याद्या करणाऱ्या सरकारचा किती? हाच एन्थोव्हेन पुढेमागे जातीजमातींवरचे तीन खंडही काढतो, हे विसरू नका. मुळशीच्या एखाद्या कुणबी-मराठा घरात आज ‘मुंजा’ हा शब्द ऐकू आला, तर छापील व्याख्येप्रमाणे तो तिथे असायलाच नको. व्याख्या आणि घर यांच्यात अशी फट दिसली की समजा, तुमच्या सिनॉप्सिसचा विषय तिथे आहे.

ज्यांना जागा नव्हती अशी मुलं

आता मूळ प्रश्न. घराला असं मूल ‘ठेवून घ्यावं’ असं का वाटतं?

पहिलं उत्तर सोपं आहे : मुलं फार मरत होती. १९११ ते १९२० या दशकात भारतात दर हजार जन्मांमागे २०० हून अधिक बाळं पहिल्याच वर्षात दगावत, असा लोकसंख्येच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. २०२० मध्ये महाराष्ट्रात हा आकडा १६ होता. पहिलं वर्ष ओलांडलं तरी देवी, पटकी, १८९६ पासूनचा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा होताच. मूल न गेलेलं घर सापडणं कठीण होतं.

पण एवढ्यावर थांबू नका. मुलं तर सगळीकडेच मरत होती. मृत्यूदर दुःखाचं कारण सांगतो, त्या दुःखाने हेच रूप का घेतलं ते सांगत नाही. त्यासाठी विधी बघावे लागतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दोन वर्षांच्या आतल्या मुलाला अग्नी देऊ नये, पाणी देऊ नये, पुरावं, असं सांगितलंय. श्राद्धाची सगळी रचनाच वंश पुढे नेणाऱ्या पूर्वजांभोवती आहे. जो बाप झालाच नाही, त्याला ‘पितर’ कसं म्हणणार? म्हणजे ज्या मरणाचं दुःख घराला सगळ्यात जास्त, त्याच मरणासाठी शास्त्रात सगळ्यात कमी जागा.

ही रिकामी जागा घरांनी आपापल्या परीने भरली. घरातल्या मृतांचे टाक, म्हणजे चांदीच्या किंवा तांब्याच्या छोट्या पत्र्यावर उठवलेली आकृती, देवघरात कुलदैवताच्या शेजारी ठेवले. नाशिकला आजही धुळवडीला वीर नाचवतात, घराघरातले वीर गोदावरीवर नेतात. श्राद्धाच्या यादीत न बसणारा माणूस देवाच्या ओळीत येऊन बसतो. मुंजा, वीर, टाक या सगळ्यांकडे मी असं बघतो : ज्यांना पितर होता आलं नाही, त्यांना घरात ठेवून घेण्याच्या या रीती आहेत. तुम्हाला हे पटलं नाही तर उत्तमच, पण खोडण्यासाठी विरुद्ध उदाहरण शोधा.

तोनोची दोन मुलं

तुलनेसाठी जपान बघा. यानागिता कुनिओ यांचं ‘तोनो मोनोगातारी’ १९१० मध्ये छापलं गेलं, म्हणजे जॅक्सन यांची टिपणं आणि हे पुस्तक जवळपास एकाच काळातलं. तोनो हा डोंगरांनी वेढलेला भाग. तिथे ‘झाशिकी-वाराशी’ नावाचे बालआत्मे घरात राहतात. ते असतील तोवर घराची भरभराट, ते निघून गेले की घर बुडालं. एका कथेत एका श्रीमंत घरातून दोन मुली बाहेर पडताना गावकऱ्याला दिसतात. थोड्याच दिवसांत विषारी अळंबी खाऊन ते घर जवळजवळ पूर्ण मरतं, वाचते ती फक्त सात वर्षांची मुलगी.

यातला फरक बघा. तोनोत घराला भीती आहे ती मूल *जाण्याची*. एन्थोव्हेनच्या पानांवर भीती आहे ती मूल *येण्याची*. हा फरक खरंच दोन समाजांतला आहे, की एका ठिकाणी तोनोचाच रहिवासी सासाकी किझेन स्वतःच्या गावच्या गोष्टी सांगत होता आणि दुसरीकडे मास्तर सरकारी प्रश्नावली भरत होता, यामुळे आहे? मला दुसरी शक्यता जास्त मोलाची वाटते. आपली मवाळ, मायाळू भुतं कदाचित प्रश्नावलीतच गळली.

मुळशीत हे का शोधायचं?

कारण इथे घरंच हलली. एप्रिल १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट तुरुंगात गेले, १९२४ पर्यंत लढा विझला आणि मुळा-निळा खोऱ्यातली सुमारे ५० गावं धरणाच्या पाण्याने गिळली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा राजकीय इतिहास सविस्तर लिहिलाय.

घरगुती इतिहासाचा प्रश्न मात्र मोकळा आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीची, घराची, उभ्या झाडाची भरपाई होती. पिंपळाची किंमत लाकूड म्हणून होऊ शकत होती. त्याच्यावर राहणाऱ्याची कशी होणार? टाक कमरेला बांधून नेता येतो, झाड आणि विहीर नेता येत नाही. मग विस्थापित घरांनी कुणाला सोबत नेलं, कुणाला मागे ठेवलं, कुणासाठी नवं ठिकाण केलं? हे विचारायला जिवंत आठवणी अजून आहेत, फार दिवस राहणार नाहीत.

बायकांचा आवाज हवा असेल तर जात्यावरच्या ओव्या ऐका. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’वर खुल्या आहेत. मास्तरांच्या उत्तरांसमोर ठेवायला याहून चांगला सोर्स मिळणार नाही.

जाण्याआधी तीन गोष्टी

एक, “तुमच्या घरात भूत आहे का?” असं विचारू नका. “देवघरात कोण कोण आहे?” असं विचारा. उत्तर आपोआप येतं, आणि ते नात्याच्या भाषेत येतं : चुलता, थोरला, आत्या.

दोन, प्रत्येक टाकामागे कुणाचं तरी मूल आहे. रेकॉर्डर सुरू करण्याआधी परवानगी घ्या आणि समोरची बाई गप्प झाली तर तुम्हीही गप्प बसा. नावं, वाडीची ओळख थिसिसमध्ये देऊ नका.

तीन, मायेच्या रीतीला नावं ठेवायची गरज नाही. पण याच शब्दांच्या आडून कुणी आजारी पोराचा दवाखाना बंद करत असेल, पैसे उकळत असेल, मारहाण करत असेल, तर तिथे ‘मी फक्त निरीक्षक’ चालत नाही. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो आणायला डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी काय किंमत दिली, हे पुण्यात संशोधन करणाऱ्याला सांगायला नको.

सुरुवात छोटी करा. या आठवड्यात स्वतःच्या घरच्या देवघरातले टाक मोजा आणि प्रत्येक टाक कुणाचा हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. किती नावं तिच्याबरोबरच संपणार होती, ते कळेल.